बर्फ पाण्यावर का तरंगतो? रसवंतीच्या ग्लासापासून अंटार्क्टिकाच्या तळ्यापर्यंत

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं इंझोरी. इथं उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यात कितीही कडाका पडला तरी तळ्याचं पाणी काही गोठत नाही. विदर्भातल्या अशा गावांत बर्फ दोनच रूपांत भेटतो. एक म्हणजे कारखान्यातून पोत्यात गुंडाळून आलेली लादी. ती फोडून रसवंतीवाला उसाच्या रसात टाकतो. दुसरी म्हणजे अवकाळी पावसात पडणारी गार. तिचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने महाराष्ट्रातल्या किती तरी जिल्ह्यांत गहू, हरभरा आणि फळबागा झोपवल्या होत्या.

रसाच्या ग्लासातला खडा काय किंवा पाण्याच्या टाक्यात पडलेली गार काय, दोन्ही वरच राहतात. हे इतकं रोजचं आहे की त्यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नाही. पण आहे. जगातले बहुतेक पदार्थ घट्ट झाले की जड होतात आणि स्वतःच्याच द्रवात बुडतात. पाणी हे मोजक्या अपवादांपैकी एक, आणि हा अपवाद नसता तर पृथ्वीच्या थंड भागातली तळी, नद्या आणि ध्रुवांजवळचे समुद्र आज दिसतात तसे दिसले नसते.

आधी तुपाचा डबा उघडून बघा

थंडीच्या दिवसांत घरातला साजूक तुपाचा डबा बघितला तर रवा तळाशी बसलेला असतो आणि पातळ तूप वर असतं. खोबरेल तेलाच्या बाटलीतही असंच होतं. गोठायला लागलेला भाग खाली जातो. मेणबत्तीचं मेण वाटीत ओतून थंड होऊ दिलं तर मधोमध खळगा पडतो, कारण घट्ट होताना मेण आकसतं. तेवढ्याच वजनाचा माल कमी जागेत मावला, म्हणजे घनता वाढली. घनता वाढली की वस्तू खाली जाते. साधा हिशोब आहे.

पाण्याचा हिशोब उलटा. एक लिटर पाणी गोठवलं तर सुमारे १.०९ लिटर बर्फ होतो, म्हणजे जवळपास नऊ टक्के जास्त जागा लागते. वजन मात्र तेवढंच. शून्य अंशाच्या पाण्याची घनता दर घनसेंटीमीटरला जवळपास १ ग्रॅम भरते, तर बर्फाची ०.९१७ ग्रॅम. म्हणून गोड्या पाण्यात बर्फाच्या खड्याचा सुमारे आठ टक्के भाग पाण्याबाहेर राहतो. समुद्राचं खारं पाणी थोडं जड असल्यामुळे हिमनगाचा साधारण दहावा हिस्सा वर दिसतो आणि बाकीचे नऊ हिस्से पाण्याखाली असतात.

फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली विसरली की ती तडकते, ती याच नऊ टक्क्यांमुळे. भाजी गोठून परत नरम झाली की लिबलिबीत लागते, त्यामागेही पेशींच्या आत तयार झालेले बर्फाचे स्फटिक असतात. ते पेशीच्या भिंती फोडतात.

एक गंमत घरी करता येते. थंड शेंगदाणा तेलात बर्फाचा खडा सोडला तर तो धड तरंगत नाही आणि धड बुडतही नाही, कारण दोघांची घनता जवळजवळ सारखी आहे. (तेल थंडच हवं. गरम तेलात बर्फ कधीही टाकू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन तेल अंगावर उडतं.)

रेणूंनी एकमेकांचा हात धरला की जागा जास्त लागते

पाण्याचा रेणू ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू मिळून होतो, हे शाळेतच शिकवलेलं असतं. हे तीन अणू सरळ रेषेत नसतात. हायड्रोजनचे दोन अणू ऑक्सिजनला सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात चिकटलेले असतात. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण विद्युतभार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. रेणूच्या आतल्या बंधापेक्षा ही ओढ बरीच कमजोर असते. पण ती दिशा बघून चालते. कुठूनही कसंही चिकटायचं, असं तिचं नसतं.

मानोरा तालुक्यातलीच पोहरादेवीची रामनवमीची यात्रा डोळ्यांसमोर आणा. गर्दीत माणसं एकमेकांना खेटून असतात, सरकत असतात. कुणी कुणाचा हात धरतं, सोडतं, पुढच्याचा धरतं. जागा कमी आणि माणसं जास्त. द्रव पाणी असं असतं. आता कल्पना करा की प्रत्येकाला हुकूम झाला, हात पूर्ण लांब करून ठरावीक कोनात चारच जणांना धरायचं आणि जागेवरून हलायचं नाही. तेवढ्याच माणसांना लगेच जास्त मैदान लागेल आणि मधेमधे मोकळी जागा राहील.

बर्फात हेच होतं. प्रत्येक रेणूला नेमके चार शेजारी असतात आणि सगळे मिळून षटकोनी पोकळ्यांची जाळी तयार होते. हिमकण सहा टोकांचे दिसतात ते या जाळीमुळेच. बर्फ वितळला की जाळीचे काही बंध तुटतात, मोकळ्या जागेत रेणू घुसतात आणि पाणी आटोपशीर होतं. गोठताना फुगणारे आणखी काही पदार्थ आहेत. सिलिकॉन, जर्मेनियम, गॅलियम आणि बिस्मथ ही त्यातली नावं. पण त्यांच्यात मासे राहत नाहीत, त्यामुळे त्यांची चर्चा होत नाही.

चार अंशांची भानगड

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. खरी मेख पुढे आहे. पाणी गोठायच्या आधीच, सुमारे ४ अंश सेल्सियसला, सर्वात जड होतं.

गरम पाणी थंड होताना आकसतं, इतर द्रवांसारखंच. रेणूंची धडपड कमी होते आणि ते जवळ येतात. पण ४ अंशांच्या आसपास दुसरी गोष्ट जोर धरते. बर्फाच्या जाळीसारखी ऐसपैस मांडणी पाण्यात जागोजागी तयार व्हायला लागते. एक कारण आकसवतं, दुसरं फुगवतं. ४ अंशांच्या वर पहिलं जिंकतं, खाली दुसरं. फरक दिसायला अगदीच किरकोळ आहे. ४ अंशांचं पाणी शून्य अंशाच्या पाण्यापेक्षा दहा हजारात एखाद-दीड भागानेच जड असतं. पण तळं ढवळायला तेवढा पुरतो.

जड पाणी खाली आणि हलकं वर, हा नियम गरम मुलखातही दिसतो. वाशीम जिल्ह्यातल्या अडाण धरणासारख्या जलाशयात मे महिन्यात वरचं पाणी कोमट लागतं आणि बुडी मारली की पायांना गारवा जाणवतो. तिथं हा खेळ २५-३० अंशांच्या पट्ट्यातच संपतो. चार अंशांचा प्रश्न येतच नाही. तो बघायला उत्तरेकडे जावं लागतं.

काश्मीरचं दल सरोवर घ्या. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचं तापमान उणे ८ अंशांच्याही खाली गेलं होतं आणि सरोवर गोठल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. अशा तळ्यात काय घडतं? शरद ऋतूत वरचं पाणी थंड होतं, जड होतं आणि तळाशी जातं. खालचं तुलनेने उबदार पाणी वर येतं. हे चक्र संपूर्ण तळं ४ अंशांवर येईपर्यंत चालतं. या घुसळणीत वरचा प्राणवायूही तळापर्यंत पोहोचतो. त्यानंतर वरचं पाणी आणखी थंड झालं, तीन अंशांवर किंवा दोन अंशांवर आलं, की ते खाली जात नाही, कारण आता ते हलकं आहे. ते वरच थांबतं, गोठतं, आणि दुधावर साय धरावी तसा बर्फ धरतो. तळाशी मात्र ४ अंशांच्या आसपासचं पाणी राहतं. बाहेर उणे आठ असताना खालच्या माशाला त्याचा पत्ताही नसतो.

बर्फ म्हणजे गोधडी? पूर्ण खरं नाही

“बर्फ पाण्याला गोधडीसारखा झाकतो” असं वाक्य बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. त्यात थोडी गडबड आहे. निव्वळ बर्फातून उष्णता साचलेल्या पाण्यापेक्षा जास्त सहज वाहते, जवळपास चौपट. गोधडीचं काम चांगलं करतो तो बर्फावर पडलेला भुसभुशीत हिम, कारण त्यात हवा अडकलेली असते. कापसाच्या गादीत असते तशी.

मग बर्फाचा थर वाचवतो कसा? एक तर तो झाकण आहे. वारा पाण्याला ढवळू शकत नाही आणि थंड हवा पाण्याला थेट भिडत नाही. दुसरं म्हणजे उष्णतेला आता थरातून वाट काढत बाहेर पडावं लागतं, आणि थर जितका जाड तितकी ती वाट लांब. त्यामुळे बर्फ जाड होण्याचा वेग आपोआप मंदावत जातो. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं. एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे थंडीला प्रत्येक थरामागे चांगलीच किंमत मोजावी लागते. या सगळ्यामुळे जरा खोल तळं असेल तर हिवाळा संपतो, पण तळं पूर्ण गोठत नाही.

खाली राहणाऱ्यांची चैन असते असंही नाही. बर्फावर हिमाचा जाड थर बसला की प्रकाश आत जात नाही, पाणवनस्पती प्राणवायू तयार करू शकत नाहीत, आणि उथळ तळ्यांत वसंतापर्यंत मासे गुदमरून मरतात. थंड देशांतल्या मत्स्यपालकांना हा त्रास नेहमीचा आहे. थंड पाण्यात माशांच्या शरीराची गती मंदावते आणि प्राणवायू कमी लागतो, म्हणून बहुतेक वेळा निभावून जातं.

मुंबईत आला तो बर्फ तळ्यावरून कापलेला होता

बर्फ वर तरंगतो याचा महाराष्ट्राशी एक जुना व्यापारी संबंध आहे. बर्फ बनवण्याची यंत्रं यायच्या आधी मुंबईत बर्फ अमेरिकेतून जहाजाने यायचा. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही हा बर्फ पोहोचला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि खाणाऱ्यांना सर्दी झाल्याची बातमी गुजराती ‘मुंबई समाचार’ने दिली, हा किस्सा मुंबईच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. १८४३ मध्ये मुंबईत बर्फ साठवण्यासाठी खास आइस हाउस बांधलं गेलं. मद्रासचं आइस हाउस तर आजही विवेकानंद हाउस म्हणून उभं आहे.

हा बर्फ बोस्टनच्या आसपासच्या तळ्यांवरून हिवाळ्यात घोड्यांच्या नांगरांनी खाचा पाडून, करवतींनी कापून काढला जायचा आणि लाकडाच्या भुशात रचून जहाजात भरला जायचा. बर्फ तळाशी जमत असता तर करवत चालवणार कुठे? माणसं आणि घोडे तळ्यावर उभे राहू शकत होते आणि माल हाताशी होता, म्हणूनच हा धंदा होऊ शकला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथेच बर्फाचे कारखाने निघाले आणि तो बसला.

भारताचं पहिलं अंटार्क्टिक ठाणं तरंगत्या बर्फावर होतं

डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. ९ जानेवारी १९८२ ला ती तिथं पोहोचली. आजही या मोहिमांचा कारभार गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणं उभं राहिलं. त्याच्या खाली जमीन नव्हती. किनाऱ्याला जोडलेली, पण खाली समुद्रावर तरंगणारी बर्फाची प्रचंड जाड थाळी होती. शास्त्रज्ञ तिला आइस शेल्फ म्हणतात. घरं, यंत्रं, माणसं यांचा सगळा भार या तरंगत्या बर्फाने पेलला. त्याला हरवलं ते वरून पडणाऱ्या हिमाने. ठाणं हळूहळू गाडलं गेलं आणि १९९० मध्ये तिथला मुक्काम बंद करावा लागला.

त्याच्या जागी आलेलं ‘मैत्री’ ठाणं शिर्माकर ओअॅसिस या खडकाळ पट्ट्यात आहे. या पट्ट्यात शंभरावर लहानमोठी तळी आहेत. त्यातल्याच प्रियदर्शिनी तळ्यातून मैत्रीला पाणी मिळतं. उन्हाळ्यातले काही आठवडे सोडले तर या तळ्यावर बर्फाचं झाकण असतं. हिवाळ्यात बाहेरचं तापमान उणे ३० च्या आसपास जातं आणि झाकणाखाली पाणी द्रवच राहतं. तळ्याच्या बुडाशी नील-हरित शैवालांचे थर वाढतात, शेवाळ असतं, सूक्ष्म जीव असतात. दल सरोवराचीच गोष्ट, फक्त कडाका कित्येक पटींनी जास्त.

समुद्राला चार अंशांचा नियम लागू नाही

इथं एक दुरुस्ती हवी. चार अंशांची गोष्ट गोड्या पाण्याची आहे. समुद्राच्या पाण्यात दर किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं आणि तोपर्यंत थंड होत असताना जडच होत राहतं. मग समुद्रही वरूनच का गोठतो? कारण बर्फाची जाळी क्षारांना सामावून घेत नाही. तयार होणारा बर्फ बव्हंशी गोडा असतो, त्यामुळे खाऱ्या पाण्याहून बराच हलका. बाहेर टाकलेले क्षार बर्फाखालच्या पाण्यात उतरतात, ते पाणी आणखी खारं आणि जड होतं आणि प्राणवायू सोबत घेऊन खोल बुडतं. अंटार्क्टिकाजवळ असं बुडालेलं पाणी तळातळाने उत्तरेकडे सरकत हिंदी महासागराच्याही बुडाशी पसरतं. खोल समुद्रातल्या जीवांना श्वास मिळण्यामागे ही एक मोठी वाट आहे.

गोठताना सगळे क्षार लगेच निघून जात नाहीत. समुद्रबर्फात खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या अडकून राहतात आणि त्या नळ्यांत सूक्ष्म शैवाल वाढतं. हिवाळ्याच्या शेवटी बर्फ उलटा करून बघितला तर खालची बाजू तपकिरी दिसते ती या शैवालामुळे. कोळंबीसारखा दिसणारा क्रिल नावाचा जीव, विशेषतः त्याची पिल्लं, बर्फाच्या पोटाला लागून हे शैवाल खरवडून खातात. क्रिलवर देवमासे, सील, पेंग्विन आणि मासे जगतात. अंटार्क्टिक क्रिलचं एकूण वजन ३० ते ५० कोटी टनांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. हा सगळा संसार बर्फ वर असल्यामुळे आहे. शैवालाला प्रकाश लागतो, आणि तरंगणारा बर्फ त्याला प्रकाशाजवळ धरून ठेवतो. तळाशी बुडलेल्या बर्फात असं काही उगवलं नसतं.

या सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांत विदर्भाचं एक नाव आहे. डॉ. आदिती पंत यांचा जन्म १९४३ मध्ये नागपूरला मराठी कुटुंबात झाला. सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर त्यांनी लंडनमध्ये पीएच.डी. केली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलं. दक्षिण गंगोत्री उभारणाऱ्या तिसऱ्या मोहिमेत त्या होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदिप्ता सेनगुप्ता या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या पहिल्या महिला. जिथं तळं कधी गोठत नाही अशा प्रदेशात जन्मलेली बाई गोठलेल्या समुद्राच्या काठावर प्लवक मोजायला गेली, हे विदर्भातल्या शाळांच्या भिंतींवर लिहायला हरकत नाही.

उणे १.९ अंशांच्या पाण्यात माशांचं रक्त खरं तर गोठायला हवं, कारण त्यात क्षार कमी असतात. तिथल्या अनेक माशांच्या रक्तात बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ रोखणारी प्रथिनं असतात. आर्थर डेव्ह्रीज यांनी १९६० च्या दशकात ही शोधून काढली. बर्फ वर राहिला तरी खालच्यांना आपली सोय आपणच बघावी लागते ती अशी.

बर्फ बुडाला असता तर?

“सगळे महासागर तळापासून वरपर्यंत दगड झाले असते” असं अनेक व्हिडिओंमध्ये ठोकून सांगतात. ते अतिशयोक्त आहे. अरबी समुद्रावर पडणारं ऊन काही त्यामुळे थांबलं नसतं. इंझोरीचं तळंही गोठलं नसतं. पण थंड देशांतल्या तळ्यांचं गणित फिरलं असतं. वर तयार झालेला बर्फ खाली गेला असता, नवं पाणी थंड हवेसमोर उघडं पडलं असतं, तेही गोठून खाली गेलं असतं. झाकण नसल्यामुळे तळं रात्रंदिवस उष्णता गमावत राहिलं असतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं असतं, पण पाण्यातून खाली उष्णता फार हळू जाते, त्यामुळे खोल तळ्याच्या बुडाचा बर्फ वितळायला ऊन पुरलं नसतं. वर्षामागून वर्ष तो साचत गेला असता. चिखलात राहणारे किडे, कंदांनी तगणाऱ्या पाणवनस्पती, तळाशी हिवाळा काढणारे मासे आणि बेडूक यांना जागाच उरली नसती.

पृथ्वीच्या इतिहासात सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वी दोन मोठी हिमयुगं येऊन गेली. तेव्हा बर्फ विषुववृत्ताजवळच्या समुद्रांपर्यंत पोहोचल्याच्या खुणा खडकांत सापडतात. तरीही जीवसृष्टी टिकली. त्या बर्फाखाली पाणी होतं.

“बर्फ वितळला की समुद्र वाढतो” हे अर्धंच खरं

एक ग्लास घ्या, बर्फाचे खडे टाका आणि काठोकाठ पाणी भरा. बर्फ पाण्याबाहेर डोकावत असेल. आता थांबा. बर्फ वितळेल, पण पाणी सांडणार नाही. (बाहेरून ग्लासाला आलेला घाम धरू नका.) तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते, आणि वितळल्यावर ती नेमकी तेवढीच जागा भरते. खाऱ्या पाण्यात किंवा उसाच्या रसात पातळी केसभर वाढते, कारण वितळलेलं गोडं पाणी थोडं हलकं असतं.

म्हणून आधीच तरंगत असलेला समुद्रबर्फ वितळला तर समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्यावर. ग्रीनलंड, हिमालय आणि अंटार्क्टिकाच्या पोटातला बर्फ असा आहे. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर इतका बर्फ आहे की तो सगळा वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर वर येईल. हे व्हायला हजारो वर्षं लागतील, पण थोडा भाग गेला तरी मुंबई आणि कोकणाच्या किनाऱ्याला पुरे आहे.

याचा अर्थ तरंगता बर्फ गेला तरी चालेल, असा कुणी काढत असेल तर चूक आहे. हिमाने झाकलेला समुद्रबर्फ त्याच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला ८० टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवू शकतो. उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के परत पाठवतो आणि बाकीची उष्णता पिऊन टाकतो. बर्फ कमी झाला की समुद्र जास्त तापतो आणि आणखी बर्फ कमी होतो. दक्षिण गंगोत्री ज्यावर उभी होती तसल्या तरंगत्या थाळ्या मागून सरकणाऱ्या हिमनद्यांना बुचासारख्या अडवून धरतात. बूच निघालं की जमिनीवरचा बर्फ जास्त वेगाने समुद्रात उतरतो.

अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रबर्फ दरवर्षी श्वास घेतल्यासारखा वाढतो आणि घटतो. फेब्रुवारीत तो साधारण ३० लाख चौरस किलोमीटर असायचा, म्हणजे भारताच्या आकारापेक्षा थोडा कमी, आणि सप्टेंबरमध्ये १८५ लाखांच्या आसपास. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १७.९ लाखांवर आला. उपग्रहांनी मोजायला सुरुवात केल्यापासूनचा हा नीचांक होता. त्याच वर्षी सप्टेंबरमधली कमाल वाढही १७० लाखांच्या आतच थांबली. एम्परर पेंग्विन आपली पिल्लं याच बर्फावर वाढवतात. पिल्लांच्या अंगावर पाण्यात टिकणारी पिसं यायच्या आधी पायाखालचा बर्फ फुटला तर ती वाचत नाहीत. २०२२ च्या हंगामात बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या मध्य आणि पूर्व भागातल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत तेच झालं. तिथल्या उपग्रह छायाचित्रांत बर्फ वेळेआधी फुटलेला दिसतो.